सुगर, शुगर आणि साखर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. मी रहिमतपुरातल्या घराच्या ओट्यावर वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. जवळच्याच एका वाडीतली. वडील ऊस आणि आले करणारे शेतकरी. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच, आणि आता इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. हातात झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा होता.

"सर, तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवत होता असं कळलं, म्हणून आले. हा लिंग्विस्टिक्सचा पेपर काही केल्या डोक्यात शिरत नाही. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीच सोडून द्यावं म्हणते."

मी तिला बसायला सांगितले. आतून चहा आला. मग हळूहळू सगळे बाहेर पडले. वर्गात सेमिनार होता. तिच्या निबंधात वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांचा उल्लेख होता. तो वाचताना 'शुगर' या शब्दाचा उच्चार तिने 'सुगर' असा केला. एकदा नव्हे, चारपाच वेळा. मागच्या बाकांवरून हसू आले, मग पुढच्याही बाकांवर पसरले. "ज्याच्या रानात ऊस आहे त्याच्या पोरीला साखरेचं नाव घेता येईना," असे कोणीतरी म्हणाले. त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडायची तिला भीती वाटते.

मी तिचा गठ्ठा पाहिला. स्वनिम म्हणजे काय, रूपिम म्हणजे काय, भाषेची दहा लक्षणे, सोस्यूर, ब्लूमफील्ड, चॉम्स्की. प्रत्येक व्याख्येखाली पेनाने रेघ मारलेली. तिला सगळे पाठ होते. मी म्हटले, "ताट आणि थाट यांत फरक काय?" ती गोंधळली. "सर, हे सिलॅबसमध्ये नाही."

या उत्तरावर मी बराच वेळ विचार करतो आहे. चूक तिची नव्हती. आम्ही तिला जसे शिकवले तसेच ती शिकली होती. 'आम्ही' म्हणतो, कारण मीही त्यातलाच. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून मी आयुष्यभर टिपणे सांगितली, विद्यार्थ्यांनी ती उतरवून घेतली, पास झाले आणि विसरले. भाषाविज्ञान हा गुण मिळवून देणारा पेपर, एवढेच त्याच्याविषयीचे माझे मत होते. आज निवृत्तीनंतर मला विचाराल, की विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या मुलामुलींना भाषाविज्ञान किती आणि कोणते हवे, तर मी निराळे उत्तर देईन. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

त्या दुपारी मी तिला 'शुगर'चीच गोष्ट सांगितली. आपला संस्कृत शब्द शर्करा. तो इराणात गेला, तिथून अरबांकडे, अरबांकडून युरोपात आणि फ्रेंचमार्गे इंग्लंडात. इंग्लंडात तो पोहोचला तेव्हा तिथले लोक त्याची सुरुवात 'स'नेच करत. पुढे त्या 'स'नंतर 'य'सारखा एक ध्वनी डोकावू लागला, आणि 'स' व 'य' एकमेकांत मिसळून 'श' झाला. उच्चार बदलला, स्पेलिंग मात्र जुनेच राहिले. 'शुअर' या शब्दाचेही असेच झाले. आता इकडे पाहा. त्याच शर्करेचे प्राकृतात 'सक्कर' झाले आणि मराठीत 'साखर'. म्हणजे 'श'चा 'स' आपल्या पूर्वजांनी केला, आणि त्याच घराण्यातल्या शब्दातल्या 'स'चा 'श' इंग्रजांनी केला. ती ज्याला चूक म्हणत होती, त्यात एका शब्दाचा दोन हजार वर्षांचा प्रवास दडलेला होता. आजच्या इंग्रजीत 'शुगर' म्हणायचे हे खरेच, आणि ते तिने शिकावे. पण हसण्यासारखे त्यात काय होते?

ती म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

माझ्या मते पहिली गरज हीच आहे. भाषा बदलते, आणि ती नियमाने बदलते, एवढे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. इंग्रजी स्पेलिंग हा आपल्या मुलांना शाप वाटतो. गुडघ्याला 'नी' म्हणायचे आणि लिहिताना आधी 'के' का काढायचा? कारण एके काळी तो 'के' उच्चारला जात असे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला, हळूहळू छापील स्पेलिंगे स्थिरावत गेली, आणि नेमक्या त्याच शतकांत उच्चार झपाट्याने बदलत होते. छापील शब्द मागे राहिला, जीभ पुढे गेली. एवढे समजले की पाठांतराचा बोजा एकदम हलका होतो असे नाही, पण आपण मठ्ठ आहोत ही भावना तरी जाते.

दुसरी गरज ध्वनींची. आणि इथे आपल्या मुलांची बाजू मुळीच लंगडी नाही. पहिलीत आपण क, ख, ग, घ म्हणतो ते कंठापासून ओठांपर्यंत चाललेले असते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. इंग्रजी एबीसीडीला असला काही क्रम नाही. ध्वनीच्या उच्चारस्थानाचा हा विचार प्राचीन भारतीय वैयाकरणांनी केला, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी तो कौतुकाने वाचला. 'संधी' हा आपला शब्द आज जगभरचे भाषावैज्ञानिक जसाच्या तसा वापरतात. शाळेत आपण वाक् अधिक ईश बरोबर वागीश असे घोकतो. पुढच्या ध्वनीच्या संगतीने 'क'चा 'ग' होतो. इंग्रजी अनेकवचनात हेच घडते. 'कॅट'च्या अनेकवचनात शेवटी 'स' ऐकू येतो आणि 'डॉग'च्या अनेकवचनात 'झ'कडे झुकणारा ध्वनी. लिहिताना दोन्हीकडे 'एस'. वागीश ज्याला कळला त्याला हे पाच मिनिटांत कळते. आम्ही मात्र ते कधी जोडून दाखवले नाही. एक मराठीच्या तासाला, दुसरे इंग्रजीच्या तासाला, आणि मध्ये भिंत.

आता ताट आणि थाट. या दोन शब्दांत फरक आहे तो फक्त 'त'बरोबर सुटणाऱ्या श्वासाचा. मराठीत त्याने अर्थ बदलतो. जेवायचे ताट वेगळे आणि लग्नातला थाट वेगळा. इंग्रजीतही हा श्वास आहे. इंग्रज माणूस 'पिन' म्हणताना 'प'वर श्वास सोडतो, 'स्पिन' म्हणताना सोडत नाही. पण त्याने अर्थ बदलत नसल्यामुळे त्याला स्वतःला तो फरक जाणवतही नाही. आपण 'पिन' म्हणताना श्वास सोडत नाही, म्हणून त्याला कधीकधी 'बिन' ऐकू येते. स्वनिम म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर मला माहीत नाही. जो ध्वनिभेद एका भाषेत अर्थ बदलतो तो दुसरीत बदलेलच असे नाही. आणि आपल्या लिपीतही सगळे दिसत नाही, हेही त्याच वेळी सांगावे. 'त्याची जात' आणि 'तो जात आहे' यांतला 'ज' एकच लिहितो, पण उच्चारतो निराळा. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च'ही तसाच. जन्मभर आपण हे न चुकता करतो. कोणी दाखवून दिले की चकित होतो.

उच्चाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परक्या माणसाला आपले इंग्रजी कळत नाही ते आपला 'ट' जड आहे म्हणून, अशी आपली समजूत असते. खरी अडचण बहुधा आघाताची असते. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. ज्यावर जोर नाही तो स्वर इंग्रज जवळजवळ गिळून टाकतो. मराठीत असा सरकता आघात नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारख्याच इमानाने उच्चारतो. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत काम केलेले आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत कळते याचा अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातही आघाताच्या चुकांकडे बोट दाखवलेले आहे. त्याआधी, १९५७ साली, आपले अशोक रा. केळकर यांनी अमेरिकेतल्या 'वर्ड' या नियतकालिकात 'मराठी इंग्लिश' या विषयावर लेख लिहिला होता. मराठी माणसाच्या इंग्रजीची टिंगल करणारे पुष्कळ. तिचा शास्त्रीय अभ्यास करावा असे एका मराठी माणसाला वाटले, ही गोष्ट आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

तिसरी गरज शब्दांच्या आणि वाक्यांच्या घडणीची. उदाहरणासाठी लांब जायला नको. आमच्या गावाचे नाव घ्या. लिहितो 'रहिमतपूर', पण 'रहिमतपुरात'. प्रत्यय लागला की दीर्घ 'पू' ऱ्हस्व होतो. फूल-फुलाला, मूल-मुलाला हे त्याच जातीचे. आता इंग्रजीतले 'सेन' आणि 'सॅनिटी', 'डिव्हाइन' आणि 'डिव्हिनिटी' पाहा. शेपूट लागले की मूळ दीर्घ स्वर आखडतो. दोन भाषा, दोन इतिहास, पण खोड सारखी. गावाच्या नावावरून जो हे शिकेल तो ते परीक्षेनंतर विसरणार नाही.

वाक्यरचनेत तर मराठी मुलाला मोठा खजिना हाती आहे. आपण म्हणतो, मला भूक लागली, मला आठवते, मला आवडते, मला पोहता येते. इंग्रजीत या सगळ्यांना 'मी' लागतो. आपल्याकडे भूक, आठवण, आवड माणसाकडे चालत येतात. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. आमचे विद्यार्थी 'आय अॅम हॅव्हिंग टू ब्रदर्स' म्हणतात तेव्हा आम्ही लाल शाई काढतो. मराठीत 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतात, तिथे 'असणे' आहे, 'बाळगणे' नाही, आणि त्या 'आहेत'ची सावली इंग्रजीवर पडली आहे, हे सांगायला आम्हाला वेळ नसतो. गंमत अशी की जुन्या इंग्रजीतही आपल्यासारखीच रचना होती. शेक्सपिअरच्या नाटकांत जागोजागी येणारा 'मीथिंक्स' हा शब्द वर्गात अडखळवतो. त्यातला पहिला भाग म्हणजे 'मला' आणि दुसरा म्हणजे 'वाटते'. सरळ 'मला वाटते'! हे लंडनच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. रहिमतपूरच्या मुलीला ते घरातलेच आहे.

चौथी गरज आहे भाषेच्या वापराची, म्हणजे कोण कोणाशी कसे बोलतो याची. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर समोरचा वाट पाहत बसेल. 'पुस्तक द्या' यात आपला आदर क्रियापदातच भरलेला असतो. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही, म्हणून तिथे 'कुड यू' आणि 'प्लीज' लागते. खेड्यातला मुलगा साहेबाला 'गिव्ह मी द फॉर्म' म्हणतो तेव्हा तो उद्धट नसतो. त्याच्या मनात 'फॉर्म द्या' असते. वाक्य बरोबर असूनही माणूस नापास होतो तो असा. हे वर्गात शिकवले गेले तर नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

आणि साहित्यालाही आहे. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीत आपल्या तू-तुम्हीसारखी 'दाऊ' आणि 'यू' ही जोडी होती. 'हॅम्लेट'मध्ये आई मुलाला 'दाऊ' म्हणून दरडावते आणि मुलगा तिला थंडपणे 'यू' म्हणून उत्तर देतो. अरे-तुरे आणि अहो-जाहोत वाढलेल्या आपल्या मुलांना त्या थंडपणाची धार लगेच जाणवेल, जर शिक्षकाने सांगितले तर. उलट बाजूनेही पाहा. नाटककार वसंत कानेटकर १९२० साली याच रहिमतपुरात जन्मले. त्यांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकात बापलेकांचा, शिवाजीमहाराज आणि संभाजीराजांचा, ताण आहे. असे नाटक इंग्रजीत न्यायचे तर तू, तुम्ही आणि आपण यांना मिळून एकटा 'यू' पुरवायचा. मग मान, माया आणि दुरावा कुठे दाखवायचा? आम्ही आणि आपण या दोघांना इंग्रजीत एकच 'वी'. ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे इंग्रजी सांगत नाही. अनुवाद करू पाहणाऱ्याला हे भान नसेल तर शब्दकोश कितीही जाड असून उपयोग नाही.

आता पाचवी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गरज. ती सांगताना मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, धीट, प्रश्न विचारणारा. एकदा तो 'पानी' म्हणाला. मी त्याला सगळ्यांसमोर तीनदा 'पाणी' म्हणायला लावले. वर्ग हसला, मीही हसलो. तो मुलगा नंतर वर्षभर माझ्या तासाला एक शब्द बोलला नाही. इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. आज इतक्या वर्षांनी तो कुठे आहे, मला ठाऊक नाही. त्याचा चेहरा मात्र आठवतो.

त्या वेळी मला हे कळत नव्हते की 'पानी' ही घसरलेली 'पाणी' नाही. ते एका बोलीचे नियमाने आलेले रूप आहे. ज्या बोलीत 'ण' नाही तिथे 'लोनी'ही येणार आणि 'म्हनला'ही येणार. चुकीला नियम नसतो, बोलीला असतो. शास्त्राच्या दृष्टीने कोणतीच बोली अशुद्ध नसते. एखादी बोली सत्तेजवळ, छापखान्याजवळ, विद्यापीठाजवळ असते म्हणून प्रमाण ठरते. इंग्रजीतही हेच झाले. 'आस्क'ला 'ऑक्स' म्हणणारा आज अडाणी ठरतो. चौदाव्या शतकातला थोर कवी चॉसर तसेच लिहीत होता. प्रमाण भाषा शिकू नये असे कोणी म्हणत नाही. कचेरीत, परीक्षेत, ग्रंथात ती लागते. पण ती शिकण्यासाठी आजीच्या भाषेची लाज वाटण्याची गरज नाही. ही लाज एकदा बसली की माणूस दोन्ही भाषांत मुका होतो.

यावर दोन आक्षेप येतात. इंग्रजीचे काही प्राध्यापक म्हणतात, मुले साहित्य शिकायला येतात, त्यांना ध्वनी आणि प्रत्यय कशाला? पण कविता ध्वनींचीच असते. आपली वृत्ते लघुगुरूवर चालतात, इंग्रजी छंद आघातावर. आघात न कळलेला विद्यार्थी शेक्सपिअरची ओळ अक्षरे मोजून वाचतो आणि त्याला त्यात चाल सापडत नाही. दुसरा आक्षेप पालकांचा. सातारा-कराडात स्पोकन इंग्लिशचे क्लास पैशापासरी असताना हे शास्त्र कशाला? पालकांची तळमळ मला समजते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी वीसेक वर्षांनी मुले एम.ए.ला येऊन 'सुगर'पाशी अडतात, याचा अर्थ नुसता सराव पुरत नाही. अडते कुठे आणि का, हे सांगणारा शिक्षक लागतो. आणि आजची एम.ए.ची मुले हीच उद्याचे इंग्रजीचे शिक्षक आहेत. त्यांना जे कळले नाही ते पुढच्या पिढीला कोण सांगणार?

आपल्याकडे परंपरा नाही असेही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५०च्या दशकात भाषाविज्ञानाच्या शिबिरांना देशभरातून अभ्यासक येत. ना. गो. कालेलकरांनी हा विषय सोप्या मराठीत आणला. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, पण त्यांनी भाषाविज्ञानाचाही रीतसर अभ्यास केला. २०१९ पासूनच्या नेट परीक्षेच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहापैकी दोन घटक भाषेचे आहेत. दार उघडे आहे. आत काय मांडायचे एवढाच प्रश्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. व्याख्या कमी करा, नमुने वाढवा. परीक्षेत 'स्वनिम म्हणजे काय' विचारण्याऐवजी न पाहिलेले दहा शब्द द्या आणि त्यांतला नियम शोधायला सांगा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या एका वृद्ध माणसाचे बोलणे अर्धा तास टिपून आणावे आणि त्यावर लिहावे. इंग्रजी व्याकरणाशेजारी मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे मराठी व्याकरण ठेवावे. उच्चार दाखवणारा शब्दकोश कसा वापरायचा हे पहिल्याच महिन्यात शिकवावे. एवढे झाले तर सोस्यूर आणि चॉम्स्की आपोआप कळतील. निदान त्यांची भीती तरी वाटणार नाही.

ती मुलगी पंधरा दिवसांनी पुन्हा आली. एम.ए. सोडायचे की नाही हे अजून ठरले नव्हते. पण या वेळी झेरॉक्सचा गठ्ठा नव्हता, शंभरपानी वही होती. आजीचे शब्द उतरवून आणले होते. ठेसन, पानी, इस्पितळ, म्हनली, कंडाक्टर. एका शब्दापुढे प्रश्नचिन्ह होते. "सर, आजी 'इस्पितळ' म्हणते, हा तरी हॉस्पिटलचाच बिघडलेला ना?"

मी म्हटले, "तो इंग्रजीतून नाही आला. पोर्तुगीजांकडून आला. बटाटा, पाव, चावी, पगार यांच्याबरोबर."

ती हसली. वही उघडून तिने 'बिघडलेला' हा शब्द खोडला आणि त्याजागी 'आलेला' असे लिहिले.